निशाणाची घडी

दुमयात, ४ मार्च २०१८

रिफअत,

तू सुखरूप असावास एवढंच देवाजवळ मागते. हे पत्र सबरीकाकांच्या ट्रकमधून, अम्मानला निघालेल्या सोफ्यांच्या गाद्यांत दडून येतंय. फोन करू नकोस. आमच्या घरचा फोन आता आमचा राहिलेला नाही.

हाझिमला नेलं. मागच्या आठवड्यात शुक्रवारी फुटबॉलची मॅच होती. प्रेक्षकांना आत सोडत नाहीत हे तुला माहीत आहेच. रिकाम्या बाकांसमोर आपली मीना टीम खेळते, आणि तू जमवलेली ती 'दर्याची पोरं' भिंतीबाहेर कालव्याच्या कडेला उभी राहून गातात. आतल्या ओरड्यावरून गोल कुणी केला ते ओळखायचं, एवढंच त्यांचं सुख. तेही कुणाला बघवलं नाही. पोलिसांनी आठ जणांना उचललं. गुन्हा काय, तर बेकायदा संघटनेत आहेत. माझ्या पोराच्या खिशात क्लबचा रुमाल आणि अर्धी भाकरी निघाली.

घराची झडती दोनदा झाली. पिठाचं पिंप पालथं केलं आणि सांडलेल्या पिठावरून बूट घालून फिरले. ते पीठ मी गोळा करून तीनदा चाळलं, पण त्याची भाकरी कुणाच्या घशाखाली उतरेना. त्यांना हवं होतं ते सापडलं नाही. कुठे ठेवलंय ते इथे लिहीत नाही.

परवा पोलिसांच्या बड्या साहेबाने, पाशाने, ऑफिसात बोलावलं. चहा दिला, खुर्ची दिली, हाझिमची आई म्हणून मानाने उम्म हाझिम, उम्म हाझिम म्हणत राहिला. म्हणाला, "मला तुमचा मुलगा नको. पोरं काय, एक गेलं की दुसरं येतं. मला त्या गटाचं निशाण द्या, मी तुम्हाला मुलगा देतो." निशाण दुसऱ्याच्या हाती गेलं की गट त्याच दिवशी मोडायचा, नाव टाकून द्यायचं, पुन्हा कुणी त्या नावाने गायचं नाही, हा तुम्हा पोरांचा कायदा त्याला तुमच्याहून चांगला पाठ आहे. या महिन्यात निवडणूक, मग उन्हाळ्यात वर्ल्ड कप, त्याला शहर शांत पाहिजे.

तू पळालास तेव्हा निशाण माझ्या घरात टाकून पळालास, म्हणून तुला कळवते. लाकूड महाग झाल्यापासून तुझ्या मुनीर भाऊजींचं वर्कशॉप बंद आहे, आणि पॉलिशच्या वासाने त्यांची छाती भरली ती भरलीच. ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. निशाण देऊ का, हे विचारायला दुसरं कुणी नाही.

— सनिया


अम्मान, १९ मार्च

ताई,

पत्र मिळालं. इथे मी एका सहा मजली इमारतीचा रखवालदार आहे, लोकांच्या गाड्या पुसतो, पण डोकं तिथेच कालव्यावर असतं.

तुझ्या प्रश्नाला उत्तर एकच. नाही. ताई, हे कापड नाही. टीम हरली, अध्यक्ष विकला गेला, खेळाडू पैशासाठी दुसरीकडे गेले, सरकारने दारं बंद केली, तरी जे आमचं राहिलं ते एवढंच. पलीकडच्या शहरातल्या पोरांचं निशाण बसमधून पळवलं गेलं, त्या संध्याकाळी वीस-बावीस वर्षांचे बाप्ये रस्त्यात बसून रडले आणि गट मोडला. मी पाहिलंय. आपल्या पोरांवर ती वेळ तुझ्या हातून यावी का?

हाझिमला विचार. तो माझा भाचा आहे, तोही हेच सांगेल. पाशा लोक शब्द देतात तो मोडण्यासाठीच. भीती वाटत असेल तर निशाण हाझिमच्या दोस्ताकडे, करमकडे दे. त्याच्या नक्षीकामाच्या दुकानात लाकडाच्या ढिगात कुणी हात घालणार नाही. त्याच्यावर माझा विश्वास आहे.

वर्ल्ड कपला आपण चाललोय, अठ्ठावीस वर्षांनी. इथली सगळी इजिप्शियन पोरं त्याचेच दिवस मोजताहेत. हाझिमही तोवर सुटेल, बघ.

तुझा रिफअत


दुमयात, ५ एप्रिल

रिफअत,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा जास्त किळस आली. माझा पोर दगडी खोलीत, आणि तू मला बाप्ये कसे रडतात ते सांगतोस.

ते निशाण कुणी शिवलं, आठव. माझ्या लग्नातल्या चादरी उसवून मी शिवलं. हिरवा रंग मी चढवला, जहाजाचा पांढरा नांगर मी कापून बसवला, तू फक्त 'ताई, टोक जरा टोकदार कर' म्हणत चहा पीत होतास. कापड माझं, दोरा माझा, पोरगा माझा. यात तुझं काय आहे ते मला समजावून सांग.

हाझिमला भेटून आले. पहाटे निघून दुपारी पोचायचं, उन्हात ताटकळायचं, मग पाच मिनिटं, आणि मध्ये दोन जाळ्या. पहारेकऱ्याने मी नेलेल्या मोलोखियाच्या भाजीत स्वतःचं पेन घालून ढवळलं, काही लपवलंय का बघायला, आणि तेच पेन पुन्हा कानावर ठेवलं. हाझिमच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज झालीय. खोकतो, आणि खोकताना तोंड फिरवतो. मी विचारलं, काय हवंय? त्याने पहारेकऱ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "आई, कोरडं आहे ना?" मी म्हटलं, कोरडं आहे. तेवढ्यावर त्याचा चेहरा उजळला. निशाणापुढे औषध हवंय, चादर हवीय, हे त्याला सुचलं नाही. तू त्याला असा घडवलास.

कोठडी आणखी पंचेचाळीस दिवस वाढली. न्यायाधीशाने वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. कसल्याशा बिया चघळत होता.

निवडणूक झाली म्हणे. क्लबचे अध्यक्ष लुत्फी साहेब घरोघर तेल-साखरेची खोकी वाटत होते, मत देऊन शाईचं बोट दाखवलं की खोकं मिळायचं. मी गेले नाही. तेल मात्र संपलंय.

— सनिया


अम्मान, २ मे

ताई,

देवाचे किती आभार मानू. हाझिम सुटल्याचं इथल्या पोरांनी सांगितलं. त्याला माझ्याकडून जवळ घे.

पण त्याच दिवशी दुसरंही पाहिलं. सरकारी भाटांच्या इंटरनेटवरच्या एका पानावर फोटो आहे. आपलं निशाण, उलटं धरलेलं, नांगर वर आणि नाव खाली, आणि दोन्ही बाजूंना चेहरे झाकलेली माणसं. संध्याकाळी पोरांनी गट मोडल्याचं जाहीर केलं. सात वर्षं, ताई. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून राहिलो.

तुला मी दोष देत नाही. तू माझं ऐकून ते करमकडे दिलंस, चूक माझी, मी माणूस ओळखला नाही. त्याने ते विकलं, हे उघड आहे. निशाण हाती आल्यावर हाझिमला आत ठेवायचं कारणच उरलं नाही, म्हणून तो सुटला. मी पोरांना करमचं नाव कळवलंय. गद्दाराशी काय करायचं ते त्यांना ठाऊक आहे.

तुझा रिफअत


दुमयात, १० मे

रिफअत,

पोरांना आवर. आजच्या आज आवर. करमने काही विकलेलं नाही. मला कसं माहीत ते विचारू नकोस, पण माहीत आहे.

मंगळवारी सहा जण त्याच्या दुकानात गेले. त्याचा उजवा हात लाकूड धरायच्या शिकंज्यात घातला आणि दांडा फिरवला. नक्षी कोरणारा हात. रिफअत, हाझिम त्यांच्यात होता. तुरुंगातून येऊन दोन आठवडे झाले नाहीत, अजून खरजेचं मलम लावते आहे मी त्याला. शर्टाच्या बाहीवर रक्त घेऊन घरी आला, हात धुतले आणि जेवायला बसला. ज्या करमबरोबर एका ताटात जेवून मोठा झाला, त्याचं रक्त. मी शर्ट धुतला.

रमजान तोंडावर आलाय. या हाताने नमाज पढणार आहेत ही पोरं.

— सनिया


अम्मान, २५ मे

ताई,

करमचा हात मोडल्याचं मला वाईट वाटत नाही असं नाही. पण गद्दारीला किंमत असते. तो शपथा घेतोय असं ऐकतो. सगळेच घेतात.

तू म्हणतेस तो नव्हे. मग कोण? निशाण कुठे आहे हे तुला आणि त्यालाच ठाऊक होतं. आईचं मन मऊ असतं, त्याच्या आईचे अश्रू पाहून तू विरघळली असशील. त्याला सांग, शहर सोडून जा. पोरं म्हणतात, ईदला सुट्टी आहे, सगळे जमतील, तेव्हा उरलेला हिशेब होईल. मी लांबून काय थांबवणार?

इथे कॅफेत मोठा पडदा आणतोय आम्ही वर्गणी काढून. पहिली मॅच ईदच्याच दिवशी आहे, उरुग्वेशी. हाझिमला सांग, मामा इथून ओरडणार आहे.

तुझा रिफअत


दुमयात, २० जून

रिफअत,

निशाण मी दिलं. करमकडे ते कधी गेलंच नव्हतं. तू पत्रात लिहिलंस म्हणून तू गृहीत धरलंस, आणि मी तुला खोडून काढलं नाही. त्या न खोडण्याची किंमत एका विधवेच्या पोराने दिली.

हाझिमला पुन्हा भेटायला गेले होते तेव्हा तो जाळीला धरून उभा राहू शकत नव्हता. तिथून परत आले, निशाण काढलं आणि थेट पाशाच्या ऑफिसात गेले. मुनीरला सांगितलं नाही, देवाला सांगितलं. पाशाने ते दोन बोटांत धरलं, जसं काही मेलेली घूस. मग ऑफिसच्या बोळात पसरायला लावलं. लांबी मोजायची म्हणून एक शिपाई बूट घालून त्यावरून चालत गेला. डांबराच्या गोळ्यांचा वास येतो म्हणून सगळे हसले. फोटो काढला. मग पाशा म्हणाला, "उम्म हाझिम, घडी करून द्या." आणि मी केली. कोपऱ्याला कोपरा लावून, सुरकुती हाताने काढून, जशी आयुष्यभर चादरींची करत आले तशी. पोर सोडवून घेतल्याची लाज मला नाही, निशाण दिल्याचीही नाही, पण ती घडी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. माझे हात मला न विचारता त्याची चाकरी करत होते.

आता ईदचं ऐक. सकाळी नमाज झाला. मी ईदची काहक-बिस्किटं केली होती, अर्ध्याच तुपात, ती कुणी खाल्ली नाहीत. हाझिम बाहेर पडला. दुपारी शेजारीण सांगत आली की पोरं कालव्यावरच्या कॅफेत मॅचला जमलीत, आणि मॅच संपली की करमकडे जाणार आहेत. मी डोक्यावरून ओढणी नीट केली आणि निघाले. त्या कॅफेत आजवर बाईने पाऊल टाकलेलं नाही. आत दीडशे बाप्ये, हुक्क्यांचा धूर, घाम, आणि सगळे वर टीव्हीकडे तोंड करून. मी दारातून हाझिमला हाक मारली. कुणी ऐकेना. पुढे गेले, पुन्हा हाक मारली. एकजण न बघताच म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा, दिसत नाही." शून्य-शून्य होतं, संपायला थोडाच वेळ उरलेला. मी भिंतीपाशी गेले आणि टीव्हीची वायर उपटली.

दीडशे तोंडं टीव्हीवरून माझ्याकडे वळली.

मी म्हटलं, "निशाण मी दिलं. माझ्या हाताने शिवलं, माझ्या हाताने दिलं, माझ्या पोरासाठी. करमने नाही. ज्याला हात मोडायचाय त्याने माझा मोडावा." आणि दोन्ही हात पुढे धरले.

त्या सहांतल्या बाकी पाच जणांनी माना खाली घातल्या. हाझिम कोपऱ्यात होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. मग उठला आणि माझ्या बाजूने, मला न शिवता, निघून गेला. तेवढ्यात मालकाने वायर पुन्हा लावली, आणि पडद्यावर उरुग्वेची माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. गोल होऊन गेला होता. मग मात्र सगळं कॅफे माझ्यावर ओरडायला लागलं. करमसाठी नव्हे, निशाणासाठी नव्हे. तो गोल बघायला मिळाला नाही म्हणून. एक म्हातारा म्हणाला, बाईच्या पायगुणाने हरलो. अशा लोकांसाठी तुम्ही गाणी रचलीत.

करमकडे त्या दिवशी कुणी गेलं नाही. त्याची बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतो, चमचा धरता येईल, पटाशी नाही.

तुझाही वाटा यात आहे. दुसऱ्या देशात बसून तू एक नाव लिहिलंस, बस. पाशाला पुरावा लागत नाही, तुलाही लागला नाही.

— सनिया


अम्मान, ८ जुलै

ताई,

किती दिवस कागद पुढे घेऊन बसलो. आधी तुला शिव्या लिहिल्या. तो कागद फाडला. मग माफी लिहिली. तीही फाडली, कारण ती वाचताना मला माझाच वीट आला.

माझं पोर असतं तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. मला पोर नाही. माझ्याजवळ दुसऱ्यांची पोरं होती, आणि ती मी हवी तशी वापरली. करमचं नाव लिहिताना मला क्षणभरसुद्धा शंका आली नाही. उलट बरं वाटलं होतं. कुणीतरी सापडलं म्हणून.

शेवटची मॅच मी पाहिली नाही. खाली कॅफेत पोरं रडत होती ते वर जिन्यात ऐकू आलं. मी जिना पुसत राहिलो.

हाझिम तुझ्याशी बोलतो का?

रिफअत


दुमयात, २४ जुलै

रिफअत,

विचारलंस म्हणून सांगते. कालपर्यंत नाही. घरात राहतो, पुढ्यात ठेवलं ते खातो, बापाच्या छातीला तेल चोळतो. मी खोलीत आले की उठतो. दुपारी जातो आणि करमच्या दाराबाहेर पायरीवर बसतो. करम दार उघडत नाही. मीही रोज एक ताटली पाठवते, भात, कधी मासळी. उम्म करम ताटली घासून परत पाठवते, रिकामी. आपल्यात रिकामी ताटली कुणी परत पाठवत नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. ती घासते कशाला, तेच कळत नाही. मी पाठवत राहते.

काल लुत्फी साहेबांचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा भपकारा, हातात जिलबीसारख्या मुशब्बक मिठाईची मोठी पेटी, पेटीवर लुत्फी साहेबांचा हसरा फोटो. दारातच उभा राहून म्हणाला, पुढच्या महिन्यात नवा सीझन सुरू होतोय, त्याआधी स्टेडियममध्ये सोहळा आहे, पाहुण्यांसाठी दारं उघडणार आहेत. तिथे तुमचा सत्कार करायचाय, 'आदर्श माता' म्हणून. भरकटलेल्या तरुणांना परत आणणारी आई. प्रशस्तिपत्र, एक लोकरीचं कांबळं, टीव्हीवाले येणार. नाव पाशांनीच सुचवलंय. तुम्ही फक्त दोन शब्द बोला, ते लिहून देऊ.

रिफअत, मला पिठावरच्या बुटांची किळस आली होती, भाजीतल्या पेनची आली होती. पण हा माणूस हसत होता. त्याला खरंच वाटत होतं की मी खूश होईन.

तेवढ्यात आतल्या खोलीतून हाझिम बाहेर आला आणि म्हणाला, "माझी आई येणार नाही."

तो माणूस म्हणाला, "बाळा, त्यांचं त्यांना बोलू दे की."

"तिचं बोलून झालंय. भर कॅफेत. तुम्ही नव्हता वाटतं."

"विचार कर हं. साहेब तुझ्यासाठीही काहीतरी बघतील. नव्या समर्थक मंडळाला पुढारी लागेल एखादा."

हाझिमने दार लावून घेतलं. माझ्याकडे न बघता पुन्हा आत गेला. त्याचा राग गेला असं मी म्हणत नाही. पण 'माझी आई' म्हणाला.

थोड्या वेळाने दार उघडलं तर पेटी उंबऱ्यावर ठेवून गेला होता. चांगलं तुपातलं मुशब्बक, पाक अजून ओला. तू मला ओळखतोस. रस्त्यात पडलेला भाकरीचा तुकडासुद्धा मी उचलून, ओठांना लावून, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ठेवते. अन्नाचा कण मी आजवर वाया घालवलेला नाही, आणि त्याबद्दल देवासमोर उभं राहायला मला कधी भीती वाटली नाही. ती पेटी मी उचलली, कालव्यावर नेली आणि होती तशी पाण्यात टाकली. देव मला क्षमा करो. बुडेना. झाकण वर, लुत्फी साहेब वर, हसत हसत पुलाकडे निघाले.

काठावर दगड होते. मी पहिला मारला, तो चुकला. दुसरा लागला.

— सनिया